टुकटुकने पूर्ण श्रीलंकेला वळसा, तेही ऑगस्टमध्ये... जमेल काय?

हरमलचो_लाटकर

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं जण, सगळे गोव्यातल्या हरमल-मांद्रे पट्ट्यातले, शॅक आणि वॉटरस्पोर्टच्या धंद्यात, त्यामुळे लोकांची सुट्टी तेव्हा आमचं काम आणि पावसात सगळं बंद पडलं की आमची सुट्टी. ह्या वेळी ठरवलंय की चवथीच्या आधी, जुलैचा शेवट ते ऑगस्टचा मध्य ह्यात, बारा दिवसांत श्रीलंका करायची. पण टुरिस्ट बसमधून नाय, जरा अंगावर येणारी ट्रिप पायजे.

प्लॅन असा की कोलंबोला उतरायचं, टुकटुक भाड्याने घ्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्ण बेटाला वळसा. गॉल, मिरिस्सा, यालाचं जंगल, अरुगम बे, त्रिंकोमाली, जाफना आणि परत कोलंबो. मध्येच आत घुसून श्रीपादचा डोंगर रात्री चढायचा, कितुलगलाला राफ्टिंग, मिरिस्साला व्हेल, आणि ती एल्लाची ट्रेन तर हवीच. सगळ्यांना पोहता येतं, दोघं सर्फिंग शिकवतात. हॉटेल कसलंही चालेल, पंखा आणि मच्छरदाणी असली म्हणजे झालं.

घरचे म्हणतायत इथं पावसात भिजता ते कमी का म्हणून तिथं जाऊन भिजायचंय. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा काय गाळायचं नि काय ठेवायचं. टुकटुकला लायसन कसलं लागतं ते पण सांगा. आणि आमच्यातली एक जण पक्की शाकाहारी आहे, तिचं काय?

डिचोलीकर_भटक्या

घरचे अर्धे बरोबर आहेत. तुम्ही जी यादी केलीय ना ती दोन वेगवेगळ्या मोसमांची आहे, एकाच ट्रिपमध्ये कोंबलीय. श्रीलंकेला पाऊस दोन बाजूंनी दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, म्हणजे आपलाच मान्सून, तो कोलंबो, गॉल, मिरिस्सा आणि डोंगराची पश्चिम उतरण भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंकोमाली, बट्टीकलोआ, अरुगम बे ह्या बाजूला पडतो. मध्ये डोंगर उभे असल्यामुळे एक बाजू चिंब तेव्हा दुसरी सुकी. चोर्ला घाट चढून बेळगावच्या पुढं गेल्यावर आकाश कसं मोकळं होतं, तसंच.

म्हणजे ऑगस्टमध्ये तुमच्या यादीतून काय गळतं बघ. मिरिस्साचे व्हेल गेले, तिथला मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, ऑगस्टात समुद्र खवळलेला असतो नि चांगला बोटवाला नेतच नाय, नेणारा भेटला तर त्याच्याबरोबर जाऊ नये. श्रीपाद पण गेला. त्याची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे मधल्या वेसाकपर्यंत, म्हणजे बुद्धपौर्णिमेपर्यंत, तेव्हा पायऱ्यांवर लाइट असतात, चहाची दुकानं असतात. बाकीच्या वेळी २२४३ मीटरचा तो डोंगर, पाच हजारांच्या वर पायऱ्या, अंधार, वारा, धुकं आणि जळवा. चढता येतो, बंदी नाय, पण पहाट बघायला जाताय आणि वर ढगात पांढरं सोडून काय दिसणार नाय. कितुलगलाचं राफ्टिंग बाराही महिने असतं पण जोराचा पाऊस लागला की बंद ठेवतात. आणि खरं सांगू, पावसात वाळपईला म्हादईवर राफ्टिंग मिळतं तुम्हाला, त्यासाठी एवढ्या लांब कशाला?

आता उलट बाजू बघ. अरुगम बे ऑगस्टमध्ये ऐन भरात. एप्रिल-मे पासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तिथं सर्फिंगचा सीझन, मेन पॉइंटला उजवीकडे फुटणारी लांब लाट. सर्फिंग शिकवणारे दोघं आहेत म्हणतोस तर तुमच्यासाठी हीच ट्रिप आहे, बाकी सगळी भाजी. त्रिंकोमालीला समुद्र शांत, निलावेलीसमोर पिजन आयलंड आहे तिथं स्नॉर्कल लावून कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा ब्लॅकटिप शार्क दिसतात, लहान असतात, माणसाला बघून तेच पळतात. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाच्या तलावाचं पाणी ओसरून गवत वर येतं तेव्हा तिथं शेकड्यांनी हत्ती जमतात.

तेव्हा वळसा विसर. अर्धं बेट कर, सुकी बाजू. उरलेलं अर्धं जानेवारीत कधी तुमचा धंदा सुटला तर (सुटणार नाय म्हणा).

म्हापशाचो_रेंटवालो

टुकटुकबद्दल मी बोलतो कारण माझी स्वतःची रेंट-अ-बाईक आहे नि टुरिस्ट गाडी कशी घेतो नि कशी परत करतो ते रोज बघतो. आता तुम्ही तिथं तेच टुरिस्ट होणार हे ध्यानात ठेवा 😄

पहिलं म्हणजे नुसत्या गोव्याच्या लायसनवर चालवायची नाय. आरटीओतून आयडीपी, म्हणजे परदेशात गाडी चालवायचा परवाना, काढा, सरकारी फी हजार रुपये, वर्षभर चालतं, ऑनलाइन अर्ज होतो. पण तेवढंही पुरत नाय, तिथल्या मान्यतेचा वेगळा कागद लागतो, तो बहुतेक टुकटुक भाड्याने देणारेच पैसे घेऊन करून देतात, निघायच्या आधी फोटो नि स्कॅन पाठवून ठेवायचे. कोणी म्हणाला "कागद नको, पोलीस काय करत नाय" तर त्याच्याकडून घेऊ नका. पोलिसांचं सोडा, कागद नसेल तर अपघातात इन्शुरन्स हात वर करतो, तिथं मग खिसा रिकामा.

दुसरं, स्पीड. तिथं तीनचाकीला कायद्याने ताशी ४० ची मर्यादा आणि एक्सप्रेसवेवर सोडतच नाय. किनारा आहे तेराशे किलोमीटरच्या वर. आता हिशेब करा, रोज किती तास त्या सीटवर बसणार, तेही चौघं जण सामान घेऊन एका टुकटुकमध्ये? मागे तिघं नि बॅगा, म्हणजे कोणाचा तरी पाय बाहेर. दोन घ्या नाय तर टुकटुक फक्त मधल्या टप्प्याला घ्या. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची सोय काही जण देतात, जास्तीचे पैसे पडतात पण त्यात अख्खा दिवस वाचतो.

चालवायला कठीण नाय, आपल्यासारखंच डावीकडून, गाड्या बहुतेक बजाजच्या, गिअर डाव्या हातात. ज्यांनी जुनी चेतक हाकलीय ते पाच मिनिटांत शिकतील, आजच्या अॅक्टिव्हावाल्या पोरांना अर्धा दिवस लागेल. घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, टायर, टप, आरसे, सगळं, देणाऱ्याचा आवाज पण त्यात येऊ दे. आमच्या ओळखीतल्या एकाला जुन्या ओरखड्याचे पैसे भरायला लावले, व्हिडिओ नव्हता म्हणून वाद पण घालता आला नाय.

काणकोणची_सुमा

मी टुकटुकच्या विरोधात आहे, स्पष्टच सांगते. बस आणि ट्रेनने फिरले मी, बऱ्यापैकी एकटी, आणि कुठं अडलं नाय. लाल बस सरकारी, बाकीच्या प्रायव्हेट, त्या मात्र गणपतीला घरी पोचायचंय अशा वेगाने पळतात. शहरात पिकमी अॅपवर रिक्षा मिळते, भाव करत बसायला नको. टुकटुक चालवणारा माणूस रस्ता बघतो, देश बघत नाय.

तरी घेणारच असाल तर एक गोष्ट, अंधार पडला की चालवायची नाय, पूर्वेला तर अजिबात नाय. कारण हत्ती. बुत्तला ते कतरगामा हा रस्ता जंगलातून जातो, तिथं हत्ती येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात, टोल नाक्यावरच्या माणसासारखे अगदी. लोकांनी केळी-कलिंगडं देऊन देऊन सवय लावलीय. आमच्या बसच्या पुढ्यात एक येऊन आडवा झाला, ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं, हॉर्न नाय काय नाय, सोंड पुढच्या खिडकीतून आत आली आणि पहिल्या सीटवरच्या म्हाताऱ्या आजींनी शांतपणे पिशवी पायाखाली ढकलली. दोन मिनिटांनी गेला. बसला चार पत्रे तरी असतात, टुकटुकला काय आहे, कापडाचं टप. खायला देणं कायद्याने बंद आहे, देऊ नका, आणि समोर दिसला तर थांबून मागे घ्या, फोटोसाठी उतरायचं नाय.

शाकाहारी मैत्रिणीबद्दल. पोट भरेल, पण सांभाळून. राइस अँड करी म्हणून ताट मागवलं की डाळ, फणस, भोपळा, एखादी पालेभाजी असं चार-पाच प्रकारचं येतं, बघायला सगळं शाकाहारी. पण खोबऱ्याची लाल चटणी असते, पोल संबोल, त्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो, उंबलकड म्हणतात, कधी भाजीत पण घालतात. त्यामुळे "मासे नको" एवढं सांगून भागत नाय, उंबलकड नको असं नाव घेऊन सांगायचं. जाफना, त्रिंकोला तमिळ शाकाहारी हॉटेलं आहेत, डोसा, इडली, शिरवाळ्यांसारखे स्ट्रिंग हॉपर, तिथं तिला चिंता नाय. तुम्ही नुस्तें खाणारे असाल तर आंबुल तियल खा, टूना घट्ट आंबट मसाल्यात सुका केलेला, त्यात गोरका घालतात, आपल्या सोलांच्याच जातीचं फळ, फक्त जास्त धुरकट. मला वाटलं कोणीतरी आमच्या घरच्या बांगड्याच्या आंबट-तिखटाला चुलीवर विसरलंय.

आणि देवळात गुडघे-खांदे झाकलेले पायजेत, बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाय, तिथं ते खरंच मनाला लावून घेतात. कोणाच्या दंडावर बुद्धाचा टॅटू असेल तर झाकूनच ठेवा, त्यावरून परदेशी लोकांना परत पाठवलेलं आहे.

हरमलचो_लाटकर

बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. टॅटू आहे आमच्या एकाचा पण तो कासवाचा आहे, चालेल ना 😂

म्हणजे श्रीपाद आणि मिरिस्सा काढले. दक्षिण किनारा पूर्ण सोडायचा काय मग? गॉलचा किल्ला तरी? आणि ट्रेन? ती सोडायची नाय, त्या निळ्या ट्रेनच्या दारात लटकून फोटो काढायचाच असं आमच्या कूकने जाहीर केलंय.

डिचोलीकर_भटक्या

गॉलचा किल्ला पावसात पण बघता येतो, दगडच आहेत, पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी बांधून मोठा केला. पण पोर्तुगीज किल्ला बघायला हरमलवाल्याने तेरेखोल सोडून तिथं जायचं म्हणजे... जाऊ दे. वेळ उरला तर शेवटच्या दिवशी कोलंबोहून ट्रेनने जाऊन या. ती किनाऱ्याची लाइन पण मस्त आहे, रूळ समुद्राला चिकटून. वाटेत माडांच्या बागा लागतात तिथं वर बघा, एका माडावरून दुसऱ्या माडावर जाड दोरखंड बांधलेले असतात, एक पाय ठेवायला, एक हाताने धरायला, नि रेंदेर, म्हणजे माडाची ताडी काढणारा, खाली न उतरता वरच्यावर झाडं फिरत सूर (ताडी) काढतो. आपल्याकडचा रेंदेर प्रत्येक माडाला चढतो-उतरतो. त्या सुरेची पुढं आरॅक होते, आपल्या माडाच्या फेणीची बहीणच. पौर्णिमेला मात्र देशभर दारू बंद, पोया म्हणतात, सरकारी सुट्टी असते. तारखा बघून घ्या नायतर गोंयकार माणूस उपाशी राहायचा.

ट्रेनचं जरा थांबून बघा. २०२५ च्या नोव्हेंबरच्या शेवटी दित्वा वादळ आलं त्यात डोंगरातल्या रेल्वेलाइनवर ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, रूळ वाहून गेले. कुठला टप्पा चालू आहे ते तिथल्या रेल्वेच्या साईटवर बघूनच पुढचं ठरवा, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. चालू असेल तर तिकिटं महिनाभर आधी उघडतात नि पटकन संपतात. आणि दारात लटकायचं म्हणाल तर कूकला सांगा की झाडाची फांदी नि बोगद्याची भिंत फोटोसाठी थांबत नाय, लोक मेलेत त्यात. २०२३ मध्ये दूधसागरला रुळांवर गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावलेल्या, आठवतं ना, तेवढ्यावर सुटले ते नशीब.

एल्ला मात्र ऑगस्टात चालेल, ते डोंगराच्या पूर्व उतरणीला आहे, पाऊस कमी लागतो. एल्ला ते अरुगम बे रस्त्याने तीनेक तास.

वास्को_पॅसेंजर

सगळे कोलंबोलाच का उतरवताय त्यांना? अंगावर येणारी ट्रिप पायजे म्हणतायत ना, मग विमानाने कशाला जायचं. वास्को-वेळांकणी गाडी आठवड्यातून एकदा असते. वेळांकणीहून नागपट्टिणम जवळच. तिथून जाफनाजवळच्या कांकेसंतुरैला फेरीबोट आहे, २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, मग बंद पडली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये परत सुरू झाली. चारेक तासांत पलीकडे. गोव्यातून निघून जमिनीला न सोडता, म्हणजे विमानात न बसता, दुसऱ्या देशात! आणि बघा तुमचा सगळा रूट आपोआप सुक्या बाजूला येतो, जाफना, त्रिंको, बट्टीकलोआ, अरुगम बे, एल्ला, कोलंबो, वरून खाली एक रेघ, वळसा नाय नि मागं फिरणं नाय. परत येताना कोलंबोहून चेन्नई किंवा बंगळुरू करून मोपा विमानतळ.

बाणावलीचे जोझे वाझ १६८७ मध्ये असेच जाफनाला गेलेले, डचांचं राज्य होतं नि कॅथलिक पाद्रींना बंदी, म्हणून भिकाऱ्याच्या वेषात. पुढं कँडीच्या राजाने कैदेत टाकलं, तरी तिथंच राहिले, तिथंच १७११ मध्ये वारले. २०१५ मध्ये पोपनी कोलंबोला येऊन त्यांना संत जाहीर केलं. तुम्हाला निदान वेष पालटायला नको, ईटीए, म्हणजे देशात शिरायची परवानगी, ऑनलाइन मिळतो. फक्त सरकारी साईटवरूनच करा, सारख्या दिसणाऱ्या फसव्या साईटी खूप आहेत.

जाफनाला एक दिवस डेल्फ्ट बेटाला द्या. कुरिकट्टुवान जेट्टीवरून बोट जाते, बेटावर पोवळ्याच्या दगडांची कुंपणं आणि मोकाट घोडे, पोर्तुगीज-डच काळापासून राहिलेले. सायकल भाड्याने घ्यायची नि फिरायचं. हॉटेलं, शॅक असलं काय नाय, हेच बरं आहे. उत्तरेत कुठं लाल कवटीची पाटी दिसली तर मात्र रस्ता सोडून आत पाऊल टाकायचं नाय, युद्धातले सुरुंग काढायचं काम अजून चालू आहे.

काणकोणची_सुमा

आयडिया झकास आहे पण फेरीच्या भरवशावर पुढची सगळी बुकिंग लावू नका. वारा वाढला की फेरी रद्द होते, आणि जुलै-ऑगस्टात त्या खाडीत वारा असतोच. नागपट्टिणमला एक दिवस हातात राखा, आणि रद्द झालीच तर चेन्नईहून जाफनाला विमान आहे ते डोक्यात असू दे. ऑगस्टच्या शेवटी वेळांकणीच्या फेस्ताची गर्दी सुरू होते, अर्धा सासष्टी त्या गाडीत असतो, तेव्हा त्याच्या आधीच जा.

जाफनाला त्याच सुमारास नल्लूरच्या देवळाचा उत्सव असतो, पंचवीस दिवस चालतो. आत जाताना पुरुषांना शर्ट काढावा लागतो. कासवाचा टॅटू सगळ्यांना दिसणार 🙂

म्हापशाचो_रेंटवालो

ह्या रूटला टुकटुक शोभते. त्रिंकोला घ्या नि अरुगम बे ला सोडा, सपाट रस्ता, ट्रॅफिक कमी, चाळीसच्या वर जायची गरजच नाय. एल्लाच्या चढावाला बस करा, चौघं नि बॅगा घेऊन ती टुकटुक घाटात रडते.

हरमलचो_लाटकर

देव बरें करूं सगळ्यांना. आज संध्याकाळी चौघं बसलो, भांडण होऊन ठरलं. वास्कोहून गाडी, नागपट्टिणमला एक दिवस राखून, फेरी, जाफना नि डेल्फ्ट, त्रिंकोला पिजन आयलंड, तिथून एक दिवस आत मिन्नेरियाचे हत्ती, परत त्रिंकोहून टुकटुक दोन, अरुगम बे ला चार दिवस गच्च सर्फिंग, मग एल्ला, मग कोलंबो. सिगिरियावरून थोडं वाजलं, बहीण म्हणते मिन्नेरियाला जाणार तर पंधरा-वीस किलोमीटरवरचा एवढा मोठा खडक कसा सोडायचा, कूक म्हणतो तिकीट महाग आहे. सर्फबोर्ड इथून न्यायचे की तिथं भाड्याने?

डिचोलीकर_भटक्या

बोर्ड नेऊ नका, ट्रेन, फेरी, टुकटुक असा प्रवास बोर्ड घेऊन म्हणजे वरातीत पलंग. अरुगम बे ला दर दुसऱ्या दुकानात मिळतात. मेन पॉइंटला गर्दी नि खाली रीफ आहे, बूट घाला. तुमच्यातले जे दोघं शिकाऊ आहेत त्यांना व्हिस्की पॉइंट नायतर पीनट फार्मला न्या. तिथल्या स्थानिक पोरांची लाट पहिली, हे तुम्हाला सांगायला नको, हरमलला बाहेरचे घुसतात तेव्हा तुम्हीच ओरडता.

सिगिरियाला बहिणीचं ऐका. पासपोर्ट खिडकीवर दाखवा, सार्क देशांच्या लोकांना तिकिटात सवलत असते, कूकला हे सांगितलं की गप्प बसेल. सकाळी दार उघडल्या उघडल्या चढा, बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत नि दहानंतर तो खडक तव्यासारखा तापतो. तरी तो अडूनच बसला तर समोरचा पिदुरंगला स्वस्तात चढता येतो, वर शेवटी थोडं दगडांना धरून सरपटावं लागतं, आणि तिथून सिगिरिया अख्खा समोर दिसतो.

वास्को_पॅसेंजर

गाडीचं तिकीट आधी काढा मरे. आठवड्यातून एकच आहे, वेटिंगवर गेलात तर सगळी चर्चा पाण्यात.